सहा सीजीपीए म्हणजे साठ टक्के नव्हेत

मा. संपादक,
स. न.

पदवीचे निकाल लागायला लागले की महाविद्यालयाच्या खिडकीवर एकच प्रश्न असतो: टक्के किती झाले? गुणपत्रिकेवर टक्के नसतात, सीजीपीए असतो, म्हणजे सर्व सत्रांच्या ग्रेड पॉइंटांची दहापैकी सरासरी. मग जो तो आपापल्या परीने हिशेब करतो आणि बहुधा चुकतो.

पहिली चूक सरासरीची. सत्रातल्या सगळ्या विषयांचे ग्रेड पॉइंट मिळवून विषयांच्या संख्येने भागायचे नसते. प्रत्येक विषयाचे क्रेडिट (म्हणजे त्या विषयाचे वजन) गुणिले ग्रेड पॉइंट, त्यांची बेरीज भागिले एकूण क्रेडिट, असे गणित आहे. समजा २२ क्रेडिटचे सत्र आहे. चार क्रेडिटच्या चार विषयांत ८, ८, ७, ६ आणि दोन क्रेडिटच्या तीन विषयांत १०, ९, ९ पॉइंट मिळाले. सरळ सरासरी ८.१४ येते, खरा एसजीपीए, म्हणजे त्या एका सत्राची सरासरी, मात्र १७२ भागिले २२, म्हणजे ७.८२. सहा पॉइंटच्या मोठ्या विषयात एक पॉइंट वाढला असता, तर बरोबर ८ झाला असता. तोच पॉइंट छोट्या विषयात वाढला असता तर ७.९१. सोपे विषय चांगले गेले म्हणून मुले निर्धास्त राहतात आणि चार क्रेडिटचा पेपर त्यांना खाली ओढतो.

दुसरा घोळ टक्केवारीचा, आणि त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८ अशी दहा पॉइंटांची पट्टी सुचवली, पण किती गुणांना कोणता ग्रेड हे विद्यापीठांवर सोडले. ७० ते ७९ गुणांना एकच ग्रेड असेल, तर काठावरचा ७० वाला आणि ७९ वाला एकाच पंगतीत बसतात. सीजीपीएचे टक्के करण्याचे सूत्रही सगळीकडे सारखे नाही. तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या सूत्रात सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणतात, त्यामुळे ६.२५ म्हणजे ५५ टक्के. सहा सीजीपीएचे या सूत्राने ५२.५ टक्के होतात, साडेनऊने गुणले तर ५७ आणि दहाने गुणले तर ६०. सहायक प्राध्यापकपदासाठीच्या नेट या पात्रता परीक्षेला पदव्युत्तर पदवीत खुल्या प्रवर्गात ५५ टक्के लागतात. म्हणजे कोणते सूत्र धरले यावर उमेदवार पात्र की अपात्र हे ठरते! दहावीच्या सीबीएसई निकालासाठी २०१७ पर्यंत वापरले जाणारे साडेनऊचे सूत्र पदवीला लावणारे तर घरोघरी आहेत. अर्जात आपल्या विद्यापीठाचेच सूत्र वापरावे आणि त्याचे परिपत्रक किंवा परीक्षा विभागाचा दाखला जोडावा. परदेशी विद्यापीठाला टक्के करून पाठवूच नयेत. ‘१० पैकी ७.८२’ असेच लिहावे, रूपांतर त्यांचे ते करतात.

हे सूत्र, ग्रेडची गुणमर्यादा आणि फर्स्ट क्लास कुठून सुरू होतो, एवढे शेवटच्या गुणपत्रिकेच्या मागे छापायला विद्यापीठांना काय अडचण आहे? छपाईचा खर्च तर वाढत नाही.

आता पदवीदानाबद्दल. अनेक ठिकाणी पदवी प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. ठरलेल्या मुदतीत अर्ज आणि शुल्क भरावे लागते, समारंभाला जायचे नसले तरी. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचा एखादा विषय राहिला असेल तर शेवटचे सत्र पास होऊनही निकाल राखीव राहतो. म्हणून पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) टाकून सर्व सत्रांचे निकाल एकदा तपासावेत. पुनर्मूल्यांकन चालू असेल तर त्याचा निकाल येऊन सुधारित गुणपत्रिका हाती पडेपर्यंत अर्ज करू नये; नाहीतर प्रमाणपत्रावर जुनाच वर्ग छापला जातो. मुदत संपत आली असेल तर परीक्षा विभागाला तसे लेखी कळवावे.

सर्वाधिक त्रास नावाचा. आडनाव आधी की शेवटी, वडिलांचे नाव, आईचे नाव, देवनागरीतले ऱ्हस्व-दीर्घ, सगळे अर्जाच्या छापील प्रतीवर बोट ठेवून वाचावे. छपाईआधी दुरुस्ती एका अर्जात होते. नंतर प्रतिज्ञापत्र आणि नवे शुल्क, आणि नावच बदलले असेल तर राजपत्रही. आधारवरचे नाव विद्यापीठातल्या नोंदीशी जुळत नसेल तर अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन) खात्यात क्रेडिट दिसत नाहीत, डिजिलॉकरमध्येही पदवी येत नाही. हे पाचव्या सत्रातच उरकावे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. विद्यार्थी पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत पदवी द्यावी, असा यूजीसीचा नियम आहे. उशीर झाला तर तोंडी चौकशा करत बसू नये. या तरतुदींचा उल्लेख करून परीक्षा नियंत्रकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.

आपला,
एक वाचक, पुणे