रडणाऱ्या मुलींबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय माधुरी,

पत्र मिळालं. नर्सिंगच्या फर्स्ट इयरच्या मुलींची मेंटॉर झालीस, बरं झालं. काही जणी सारख्या रडतात, समुपदेशनाचा तास ठेवू का, असं विचारलंयस. ठेव, पण त्याआधी त्यांची झोप आणि जेवण बघ.

वॉर्डात नाइट ड्यूटी करून मुलगी होस्टेलवर पोचते तोवर मेसमधला नाष्टा उरकलेला असतो, आणि अकराला लेक्चर. मग दिवस चहा आणि भडंगावर. अशा ओळीने चार रात्री काढल्या की कुणीही रडेल, त्याला लगेच डिप्रेशन म्हणू नकोस. नाइटवाल्यांची ताटं झाकून ठेवायला सांग, नाइटनंतर लेक्चर लावू नका म्हणून प्राचार्यांच्या मागे लाग. मुलींना सांग, ड्यूटीआधी संध्याकाळी तासदीड तास झोपा, पहाटे तीननंतर चहा नको.

झोप-जेवण सुधारूनही दोन आठवडे उदासी हटत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर पीएचक्यू-9, म्हणजे डिप्रेशन तपासायची प्रश्नावली, भरून घे. नऊ प्रश्न, गुण 0 ते 27. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे पाठवायचं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोल. वर्गात सगळ्यांकडून एकदम भरून घेऊ नकोस. शेजारणीचं बघून सगळ्या शून्य लिहितात. बोलताना आडवळण नको, सरळ विचार, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटी सोडायची नाही, खोलीतल्या गोळ्या, ब्लेड हलवायची, घरच्यांना बोलवायचं आणि लगेच दवाखाना.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, सुई टोचण्याची. पेशंटला वापरलेल्या सुईला टोपण परत लावताना ती बोटात जाते आणि मुलगी ओरडा बसेल म्हणून गप्प बसते. मग महिनोन्महिने एचआयव्हीची भीती. सगळ्यांना आधीच पाठ करून घे: जखम साबण-पाण्याने धुवायची, दाबून रक्त काढायचं नाही, तसंच इन-चार्ज सिस्टरकडे जायचं. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या लागणार असतील तर पहिला डोस जमल्यास दोन तासांत. 72 तास उलटल्यावर उपयोग नाही. कोर्स 28 दिवसांचा. तपासण्या लगेच, मग सहा आठवड्यांनी, तीन आणि सहा महिन्यांनी. या तारखांच्या मधल्या दिवसांतच पोरगी खचते, तेव्हा तिच्याकडे येत-जात राहा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का, तेही आधीच बघून ठेव.

डिप्रेशनच्या उपचारांना नकार येतो तो वेगळ्याच कारणाने. जिथे पोस्टिंग, त्याच सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढायचा म्हणजे ओळखीच्या सिस्टरांसमोर उभं राहायचं. मुली टाळतात, आणि मला त्यात त्यांची चूक वाटत नाही. माण-खटावची मुलगी असेल तर सुट्टीत साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जाऊ दे. नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, तोही तिला सांग. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून बंद करतात, तिथे लक्ष ठेव.

हजेरीची धास्ती वेगळीच. परीक्षेला बसायला 80 टक्के लागतात. प्रात्यक्षिक मात्र पदवीआधी 100 टक्के पूर्ण करायचं, म्हणजे आजारपणातले दिवस नंतर भरून देता येतात. हे कळलं की बऱ्याच जणी रजा घ्यायला तयार होतात.

आणि मुलींचे इंटर्नल मार्क तुझ्याकडेच असतील तर मेंटॉरचं काम दुसऱ्या कुणाला दे, त्या तुझ्यापाशी मोकळ्या होणार नाहीत. वॉर्डनशी मेसचं बोलणं झालं की कळव.

तुझी,
वैशाली