वाकतो किती, हे आधी न विचारणाऱ्या फिजिओ मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गुडघा बदलला की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "किती वाकतो?" फोनवरही तेच. तुम्ही मात्र पहिल्या भेटीत चादर बाजूला केलीत आणि विचारलंत, "सरळ किती होतो?" प्रश्न मला जरा येडपटच वाटला. पलंगावर पडलेल्या बाईचा पाय सरळ नसेल तर कसा असेल? मग तुम्ही गुडघ्यामागून हात घातलात आणि तो सहज आरपार गेला. म्हणजे पाय सरळ नव्हताच.

गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, म्हणून घरातलं कोणी ना कोणी मायेनं ती सरकवून जायचं. ती तुम्ही काढायला लावलीत, आणि नुसतं "नको" म्हणून थांबला नाहीत. सुजलेल्या सांध्याला किंचित वाकलेलं राहणं सोयीचं पडतं, पण तसाच ठेवला तर मागची बाजू आखडते. मग उभं राहिलं तरी मांडीच्या स्नायूला सारखं राबावं लागतं, चाल लंगडी होते आणि कंबर नि दुसरा पाय फुकटचा भार सोसतात. एवढं कळल्यावर घरच्यांना मीच सांगायला लागले, उशी टाचेखाली द्या. दुखायचं. चांगलंच दुखायचं. पण कशासाठी दुखतंय ते माहीत असलं की माणूस थोडं जास्त सोसतो.

मांडीचा प्रकार तर अजबच. "गुडघा ताठ ठेवून पाय उचला" म्हणालात आणि पाय ढिम्म हलेना. घाम फुटला, दात-ओठ खाल्ले, काही नाही. मला वाटलं, एखादी नस कापली गेली. तुम्ही हसला नाहीत याचे आभार वेगळे मानते. सांध्यात सूज असली की तिथून जाणारे संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूला दाबून ठेवतात, शरीर स्वतःच त्याच्यावर ब्रेक लावतं, हे तुमच्याकडून कळलं. माझाच हात माझ्या मांडीवर ठेवलात, गुडघा गादीत दाबायला सांगितलात, आणि बोटांखाली काहीतरी बारीकसं थरथरलं. "हे बघा, आहे तो." त्या वाक्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

व्यायामाच्या अर्धा तास आधी वेदनाशामक गोळी, नंतर टॉवेलमधून बर्फ, दिवसभर पावलं वर-खाली हलवत राहायचं म्हणजे पोटरीतलं रक्त साकळायला नको, हे सगळं मी निमूटपणे केलं. पण दुखण्यात फरक कसा करायचा हे शिकवलंत, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. व्यायाम करताना ताण बसून दुखलं आणि थोड्या वेळानं निवलं, तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सूज वाढली, गुडघा नेहमीपेक्षा गरम लागला, तर काल जास्त झालं, आज थोडं कमी करा. आणि पोटरी सुजून दुखायला लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर व्यायाम बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टर. "सहन करा" एवढंच सांगणारे पुष्कळ भेटतात. काय सहन करायचं नाही, हे तुम्ही सांगितलंत.

पाय आपोआप हलवणारं मशीन भाड्यानं आणा, असा आमच्या नातेवाइकांचा लकडा होता. तुम्ही शांतपणे सांगितलंत, की जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात त्या मशीननं वाकण्यात जेमतेम दोन अंशांचा फरक दिसला होता. त्यापेक्षा स्वतः टाच सरकवा. नातेवाईक नाराज झाले. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं, कारण त्या यंत्रात पाय अडकवून पडायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

वाकण्याकडे दुर्लक्ष केलंत असंही नाही. कोनमापक लावून आकडा वहीत लिहायचात, कमी भरला तरी तोच लिहायचात. सपाट चालायला साधारण ६५ अंश पुरतात, जिन्याला ९० च्या आसपास लागतात, बुटक्या खुर्चीतून उठायला त्याहून जास्त, असं तुम्ही उलगडून सांगितल्यावर आकड्यांची भीती गेली. आकडा म्हणजे मार्क नव्हेत, पुढे काय करता येईल त्याचा अंदाज. काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे तर मी आजवर उलटंच समजत होते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे अजूनही पुटपुटते. शेजारून जाणाऱ्यांना वाटतं, बाई जप करतेय.

टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला चामडी अजून बधिर आहे आणि कधी कधी आत 'टक्' असा आवाज येतो. दोन्ही होणार, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, म्हणून रात्री-अपरात्री घाबरून उठले नाही. सर्जननी आपलं काम चोख केलं, त्यांचे आभार मी समक्ष मानले. तुमचं काम मात्र इतक्या दिवसांत वाटलं गेलं, की आभार नेमके कुठल्या दिवशी मानायचे तेच कळेना. म्हणून हे पत्र.

दुसऱ्या गुडघ्याचंही ठरतंय. ऑपरेशनच्या आधीच मांडी बळकट करून या, असं म्हणाला होतात, तेव्हा रोज सकाळी पाय उचलणं सुरू केलंय. तारीख नक्की झाली की कळवते. तुमची वेळ आत्तापासूनच धरून ठेवा, आणि या खेपेलाही आधी सरळच बघा.

आपली,
एक गुडघा नवा असलेली पेशंट