फणसाच्या अलीकडं

कोल्हापूर, बुधवार रात्र

पक्या,

दोन वर्षं गप्प बसलो, त्याच्या शिव्या आल्यावर घाल. तब्येत बरी. गुडघा आहे तसाच.

परवा पोराला घेऊन राधानगरीच्या पुढं, आपल्या त्या बिननावाच्या धबधब्याला गेलो. सोमवार, त्यामुळं वाटेवर चिटपाखरू नाही. हळदी गावात चहा, मग सरळ. ओढा ओलांडला, गव्याचं ताजं शेण दिसलं, जळवांनीही ओळख ठेवलीय. पोराला आपली पैज सांगितली: पाणी आधी ऐकेल त्याला मिसळ, पैसे दुसऱ्याचे. फणसापाशी पोरगं थांबलं. "आलं, पप्पा." मला काहीच नाही. म्हटलं, थापा मारतोय, तुझ्यासारखा. (तू त्या वेळी फणसाच्या अलीकडंच ओरडलेलास, पाण्यासाठी नव्हे, मिसळीसाठी. आजही माझं तेच म्हणणं आहे.) मग पोरगा म्हणतोय, रातकिडे किती ओरडतात! मर्दा, मला एक किडा ऐकू येईना. शेवटच्या वळणावर अंगावर तुषार आले, तेव्हा कुठं कानात घुमलं.

काल गुपचूप कान तपासून आलो. कागदावर रेघ बरी चालते आणि 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक आवाजांपाशी, दाणकन खाली पडते. डॉक्टर म्हणाले, ही कारखान्यातल्या आवाजाचीच खूण. रोज आठ तास 85 डेसिबलच्या वर राहिलं की कान झिजतात, आणि मी उद्यमनगरात प्रेससमोर 24 वर्षं. गेलं ते येत नाही, उरलेलं सांभाळा. तू कानात घालायची बुचं आणून दिलेलीस, त्यावरून आपण केवढे भांडलो! कान झाकले तर मशीन कुठं कुरकुरतंय ते कळणार कसं, हा माझा मुद्दा. आता मशीन कुरकुरलं की हेल्पर येऊन सांगतो, आणि मी आधीच कळल्यासारखी मान हलवतो. झोप उडालीय ती त्यानंच.

परवा धबधब्यावरून येताना राधानगरी धरणावर थांबलो. सातही दरवाजे मिटलेले. शाहू महाराजांच्या धरणाचे दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात, माझे आपोआप मिटले.

घरी बोललो नाही. बायकोला वाटतं, हाक मुद्दाम टाळतो. खरं कळलं तर भांडणं बंद होतील, तेही नको वाटतं.

काकींचं ऑपरेशन नीट झालं ना? पोरीचे पेढे बाकी आहेत. नवीन घराचा पत्ता पाठव.

मिसळीचे पैसे पोराला दिले. दिवाळीआधी ये, पाणी असेपर्यंत. तिघं जाऊ. फक्त या वेळी फणसाच्या अलीकडं ओरडू नकोस.

तुझा,
बाळ्या