फी माफ, पण खोली आणि खाणावळीचं काय?

महोदय,

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनची आमची सुपारीची वाडी दुपारभरात आडवी झाली. सासऱ्यांच्या हातची झाडं मुळासकट पडली. नवी सुपारी लागती व्हायला सहा-सात वर्षं जातात, मुलीचं शिक्षण तेवढं थांबत नाही. भरपाई आली ती वाडी साफ करण्यातच संपली. यजमान दुसऱ्यांच्या वाडीत कामाला जाऊ लागले, मी कोकमाचं आगळ आणि फणसपोळी विकली.

२०२४ मध्ये सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. त्यामुळेच मुलीला फार्मसीच्या डिप्लोमाला घालायचा धीर झाला, हे मनापासून सांगते. पण कॉलेजच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "आधी सगळी फी भरा, सरकारचे आले की परत देऊ." त्याच दुपारी माझ्या पाटल्या सोनाराकडे गहाण गेल्या. त्या अजून तिथेच आहेत.

यंदा सुपारीच्या नव्या झाडांना पोयी, म्हणजे फुलोरे, सुटल्यात. मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. दिवस फिरताहेत, त्यात शंका नाही. तरी दर महिन्याचं खोलीभाडं आणि खाणावळ ही माफीत बसत नाहीत, आणि आमच्याकडच्या मुलींना शिकायचं तर घर सोडावंच लागतं. पात्र मुलींकडून प्रवेशावेळी माफ असलेली रक्कम कोणी मागू नये आणि जिल्ह्यात मुलींची सरकारी वसतिगृहं वाढवावीत, एवढी विनंती पुढच्या प्रवेशांआधी सरकारपर्यंत पोहोचवा.

– एक वाडीवाली आई, श्रीवर्धन (रायगड)