हलली की उठव

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा लॅबमध्ये एक नवी मुलगी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली आणि पाचव्या मिनिटाला म्हणाली, "मॅम, काहीच होत नाहीये." झेब्राफिश या इवल्या माशाचं अंडं होतं. काचेसारखं आरपार दिसतं, साधारण २४ तासांत आतलं काळीज धडधडायला लागतं. पण ते गाठायचं तर बूड टेकून बसावं लागतं. मला एकदम आपल्या विजापूर रोडवरचं प्राणिसंग्रहालय आठवलं.

बाबा, रात्रपाळी करून तुम्ही मला तिथं न्यायचात. कानात मागाचा खडखडाट अजून असणार. मगरीच्या हौदाजवळ सावली धरून आडवे व्हायचात आणि सांगायचात, "हलली की उठव." ती तुमच्या झोपेची सोय होती, हे फार उशिरा कळलं. मला मात्र ती नोकरीच वाटायची. हरणं, मोर मी धड पाहिलेच नाहीत. कडक भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीत घोळवून चघळत कठड्याला चिकटलेली असायचे.

आणि आई, घरी आल्यावर तुझी उलटतपासणी! "काय केलं मगरीनं?" "काही नाही" हे उत्तर तुला चालायचंच नाही. मग मी आठवून आठवून सांगायचे: ऊन चढलं की आ वासते, तशीच पडून राहते. बाबा म्हणाले होते, दातांच्या डॉक्टरची वाट बघतीय. खरं कारण कॉलेजात कळलं. तोंडातला ओलावा उडून जातो, त्यानं डोकं थंड राहतं. पुढं तर आणखी मौज वाचली. मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे घरट्यातली ऊब ठरवते. ३१ अंशांपर्यंत माद्या, ३२.५ च्या आसपास नर. सोलापूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या मला हे लगेच पटलं.

दिवाळीत येतेय. पोराला नान्नजच्या अभयारण्यात नेऊन काळवीट दाखवू. माळढोक दिसला तर नशीब. बाबा, तुम्ही चलाच, सतरंजी मी घेते.

एक सांगायचं राहिलंच. मगर हलायची, बऱ्याचदा. एकदा तर जराही आवाज न करता अख्खी पाण्यात उतरली. मी उठवलं नाही. तुम्हीही तिच्यासारखेच आ वासून झोपला होतात.

तुमची,
ताई