किडनीच्या रुग्ण स्त्रीला पाळीबद्दलही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चमधल्या जागतिक मूत्रपिंड दिनाला मीठ, मधुमेह आणि रक्तदाबावर भरपूर छापून येते, आणि ते यायलाच हवे. पण विशी-तिशीतल्या बाईला किडनीचा जुनाट आजार जडला की तिच्या पाळीचे आणि मूल होण्याचे काय होते, हे क्वचितच वाचायला मिळते. ओपीडीतही किडनीचे डॉक्टर हा विषय स्त्रीरोगतज्ज्ञांवर सोडतात आणि स्त्रीरोगतज्ज्ञ किडनीच्या डॉक्टरांवर.

किडनी मंदावली की प्रोलॅक्टिन हे दूध निर्माण करणारे संप्रेरक रक्तात साठते. मेंदूकडून बीजकोशाकडे जाणाऱ्या संदेशांची लय बिघडते आणि स्त्रीबीज सुटायला लागणारी एलएच संप्रेरकाची उसळी येत नाही. पाळी लांबते, डायलिसिसवरच्या बऱ्याच जणींची तर थांबतेच. म्हणून दिवस जाणारच नाहीत असे समजणे चुकीचे आहे, कारण अधूनमधून स्त्रीबीज सुटते. पाळी आधीच बंद असल्याने शंका येत नाही आणि उलट्या, थकवा आजारामुळे आहेत असे वाटते. लघवीच होत नसेल तर घरची चाचणी करता येत नाही. रक्तातले बीटा-एचसीजी हे गर्भ ओळखण्याचे संप्रेरकही अशा रुग्णांत गर्भ नसताना वाढलेले दिसू शकते, त्यामुळे खात्री सोनोग्राफीनेच करावी.

मोठे नुकसान होते ते औषधांच्या चिठ्ठीतून. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्या लघवीतून जाणारे प्रोटीन कमी करतात, किडनीला त्या हव्यातच. मात्र चौथ्या महिन्यापासून पुढे त्या गर्भाच्याच किडनीला इजा करतात आणि गर्भजल आटते. दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना गाठून लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा या रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळ्यांवर यावे. ल्युपसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजारात) आणि किडनी प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मायकोफेनोलेटने गर्भपात होतात, बाळाच्या कानात किंवा ओठ-टाळूत व्यंग येते. ते गर्भधारणेच्या किमान ६ आठवडे आधी थांबवून बहुधा अझाथायोप्रिन देतात. त्याच कामाची टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन चालतात. हा बदल कोणीही घरच्या घरी करू नये. तसे केले तर ल्युपस भडकतो, बसवलेली किडनी शरीर नाकारू शकते. ल्युपसच्या रुग्णांना दिले जाणारे सायक्लोफॉस्फामाइड बीजकोश कायमचे निकामी करू शकते, आणि तो धोका वयावर व एकूण मात्रेवर ठरतो. दर १५ दिवसांनी ५०० मिलिग्रॅम अशा ६ मात्रांच्या, म्हणजे एकूण ३ ग्रॅमच्या पद्धतीत तो बराच कमी असतो. त्यामुळे मूल हवे आहे का आणि कधी, हे पहिल्याच भेटीत विचारून केसपेपरवर लिहिले गेले पाहिजे. तेही सासू किंवा नवऱ्याला नव्हे, तिला एकटीला विचारून.

प्रत्यारोपण झाले की चित्र पालटते. कधी पहिल्या दोन महिन्यांतच स्त्रीबीज सुटू लागते, आणि नेमके तेव्हा मायकोफेनोलेट चालू असते. म्हणून घरी सोडण्याआधीच गर्भनिरोधक ठरवावे. तांबी किंवा लेव्होनॉर्जेस्ट्रेल या संप्रेरकाची आययूडी (गर्भाशयात बसवायचे साधन) बसवता येते. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या रक्तदाब आणि गुठळ्यांच्या धोक्यामुळे बहुतेकींना नकोत. मूल हवे असेल तर प्रत्यारोपणानंतर निदान एक वर्ष थांबावे, क्रिएटिनीन (किडनी गाळते तो रक्तातला टाकाऊ घटक) स्थिर आणि साधारण १.५ च्या आत असावे, लघवीतून प्रोटीन जवळजवळ जात नसावे, रक्तदाब आटोक्यात असावा. हे जमले तर आई होता येते. एडिथ हेल्म या अमेरिकन स्त्रीला १९५६ मध्ये जुळ्या बहिणीची किडनी बसवली आणि १९५८ मध्ये मुलगा झाला, हे आजही कितीतरी घरांना ठाऊक नाही.

डायलिसिसवर असताना दिवस गेले तर तास वाढवावे लागतात. २०१४ मध्ये टोरांटो आणि अमेरिकेतल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. आठवड्याला ३६ तासांहून अधिक डायलिसिस मिळालेल्यांपैकी ८५ टक्के गर्भारपणांत जिवंत बाळ जन्मले, २० तास किंवा कमी मिळालेल्यांत ४८ टक्के. आपल्याकडे ४ तासांचे दोन-तीन फेरे म्हणजे जेमतेम ८ ते १२ तास होतात. सरकारी योजनांतून होणाऱ्या डायलिसिसमध्ये गर्भवतीला वाढीव फेरे मिळतील अशी स्पष्ट तरतूद असावी, ही आमची मागणी आहे.

आणखी एक गोष्ट लॅबच्या कागदाची. गरोदरपणात क्रिएटिनीन उतरते, साधारण ०.४ ते ०.८ असते. कागदावर मात्र १.१ किंवा १.२ पर्यंत नॉर्मल छापलेले असते. गर्भवतीचे क्रिएटिनीन १.० आले तर त्याला ठीक म्हणू नका. लघवीतले प्रोटीन तपासा, रक्तदाब मोजा आणि किडनीच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा.

– किडनी आणि प्रसूती विभागांत काम करणारे डॉक्टर, पुणे