उलटी बॅटरी आणि ‘सर्व ओके’चं जॉब कार्ड

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
पुणे.

विषय : मोटरहोमच्या केबिनची बॅटरी उलटी जोडल्यामुळे झालेलं नुकसान आणि ही गोष्ट जॉब कार्डावर न नोंदवल्याबाबत.

महोदय,

आमची मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी) तुम्हीच बांधून दिलेली आहे. तिच्या केबिनची, म्हणजे आतले दिवे, पंखा आणि फ्रिज चालवणारी बॅटरी (१२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर) गेल्या महिन्यात तुमच्या वर्कशॉपमधून बदलून घेतली. जॉब कार्डावर तुमचा शेरा आहे : ‘बॅटरी बदलली, सर्व ओके.’

गाडी ताब्यात घेताना मी केबिनमध्ये उभी होते. बटणं दाबली तर एकही एलईडी दिवा लागेना. छतावरचा एक्झॉस्ट पंखा मात्र जोरात फिरत होता आणि आतली हवा बाहेर फेकायची सोडून बाहेरची आत ढकलत होता. जाळीवरची सगळी धूळ ओट्यावर आणि माझ्या डोळ्यांत. तुमच्या मेकॅनिकला हाक मारली. तो म्हणाला, “काकू, पंख्याची वायर उलटी लागली असेल, बघतो.” तो पंख्याकडे फिरकलाही नाही. पाना घेऊन मागच्या बॅटरीच्या कप्प्याकडे गेला. थोड्या वेळाने दिवे लागले, पंखाही सरळ फिरू लागला आणि गाडी आमच्या हवाली झाली.

पंख्याची साधी डीसी मोटर उलट्या करंटवर उलटी फिरते, एलईडी लागतच नाही. नोकरीची सगळी वर्षं मी भोसरीत टेस्टिंग विभागात काढली आहेत, तेव्हा हे मला कुणी समजावून सांगायला नको. त्याच वेळी कप्पा उघडायला लावायला हवा होता, पण घरचे निघायची घाई करत होते.

ताम्हिणी घाटातून दिवेआगरला गेलो. दुसऱ्या रात्री फ्रिज बंद पडला. त्यात सासूबाईंचं इन्सुलिन होतं. मासळीवाल्याकडून बर्फ आणला आणि इन्सुलिन गोठू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून डब्यात ठेवलं. सकाळी तुमच्या हेल्पलाइनला फोन केला, तर उत्तर मिळालं की तुम्ही लोड जास्त टाकलात, अजून एक बॅटरी बसवून घ्या.

हिशोबच मांडते. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना ४ अँपिअर घेतो आणि साधारण निम्मा वेळ चालतो. म्हणजे दिवसाला ४८ अँपिअर-अवर, वर दिवे आणि पंखा. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, हे तुमच्याच माहितीपत्रकात आहे. चार्जच होत नसलेली बॅटरी दुसऱ्या रात्री मान टाकणारच. प्रश्न लोडचा नव्हता. अख्खा घाट गाडी चालवूनही बॅटरी चार्ज का झाली नाही, हे विचारायला हवं होतं. ते तुमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.

मग मीच मल्टिमीटर काढला. होमस्टेच्या प्लगला गाडी जोडली. चार्जरच्या आउटपुटवर १३.८ व्होल्ट, बॅटरीवर ११.४. दोन्हींमध्ये फक्त केबल आणि चार्जरवरचे दोन हिरवे ३० अँपिअरचे फ्यूज. बॅटरी उलटी लागली तर चार्जर वाचावा म्हणूनच ते दिलेले असतात. दोन्हींची पट्टी आतून काळी पडलेली. अल्टरनेटरकडून (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारं जनित्र) येणाऱ्या लाइनचा ५० अँपिअरचा फ्यूजही उडालेला. सोलर पॅनेलकडून बॅटरीला येणारं चार्जिंग सांभाळणाऱ्या सोलर कंट्रोलरचा डिस्प्ले कोरा.

परत आल्यावर नाना पेठेतून फ्यूज आणून बसवले. चार्जर सुरू झाला. कंट्रोलर मेला तो मेलाच, आणि गाडी चालू असतानाही केबिनच्या बॅटरीकडे अजून काही येत नाही.

मूळ कारण कप्प्यातच सापडलं. जुन्या बॅटरीचा पॉझिटिव्ह एका बाजूला होता, तुम्ही बसवलेल्या नवीचा दुसऱ्या बाजूला आहे. मॉडेलच्या नावात एल की आर (डावी की उजवी बाजू), हे त्यासाठीच बघायचं असतं. दोन्ही केबल काळ्या नळीत, पॉझिटिव्हवरची लाल टेप निघालेली. मेकॅनिकने केबल जिथे पोचल्या तिथे लावल्या. खरं तर तेव्हाही त्याला कळायला हवं होतं, कारण पॉझिटिव्हचा खांब जाड असतो आणि निगेटिव्हचा क्लॅम्प त्यावर सहज बसत नाही. त्याने तो ठोकून बसवला. हातोडीचे घाव क्लॅम्पवर स्पष्ट दिसतात, फोटो सोबत आहेत. आता ताणलेला तो क्लॅम्प निगेटिव्हवर सैल पडतो म्हणून आत पत्र्याची पट्टी कोंबलेली आहे. धक्क्यांनी ती निसटली तर तिथे ठिणग्या उडतील, याची तरी काळजी करा.

बॅटरी उलटी लागली, एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. कुठल्याही वर्कशॉपात घाईत असं होऊ शकतं. तेव्हाच सांगितलं असतं तर फ्यूज तिथल्या तिथे बदलले गेले असते. तुम्ही ते दडवलं, वर माझ्याच गळ्यात दुसरी बॅटरी मारायला निघालात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. हे तुमच्या वकिलांना दाखवून घ्या.

माझी मागणी अशी : सोलर कंट्रोलर नवा द्यावा. अल्टरनेटरचे डायोड आणि तिथून केबिनकडे येणारी चार्जिंगची पूर्ण लाइन तपासून बिघाड विनामूल्य दुरुस्त करावा आणि मोजमापं लेखी द्यावीत. दोन्ही क्लॅम्प बदलावेत आणि केबलींवर न निघणारी खूण करावी. फ्यूजच्या बिलाची रक्कम परत करावी. जॉब कार्ड दुरुस्त करून त्यावर बॅटरी उलटी जोडली गेल्याची नोंद करावी. या नोंदीशिवाय बाकीचं काम मी स्वीकारणार नाही, कारण उद्या चार्जर किंवा फ्रिज गेला तर तुम्ही पुन्हा लोडकडेच बोट दाखवाल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही, आणि मी निवृत्त असल्याने वेळही भरपूर आहे.

गाडी वर्कशॉपमध्ये आणून सोडणार नाही. तुमच्या माणसाने कोथरूडला येऊन माझ्यासमोर काम करावं. येताना मल्टिमीटर आणावा. नसला तरी चालेल, माझ्याकडे आहे.

आपली,
(सही)
कोथरूड, पुणे

सोबत : जॉब कार्डाची प्रत, क्लॅम्प व फ्यूजचे फोटो, फ्यूजचं बिल.